नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनमध्ये टायमर बिघडतो तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन म्हणजे व्हीएमच्या (आभासी यंत्राच्या) आत आणखी एक व्हीएम. इथली उत्तरं वेगळं सांगितलं नसेल तिथे इंटेल प्रोसेसर, लिनक्सचं केव्हीएम (कर्नलमधला हायपरव्हायझर, म्हणजे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) आणि क्यूईएमयू (व्हीएमची उपकरणं एम्युलेट करणारा प्रोग्रॅम) धरून दिली आहेत. एएमडी आणि आर्मसाठी प्रश्न १४ पाहा.

१. एल०, एल१, एल२ म्हणजे काय? आणि सगळ्यात आधी टायमरच का बिघडतात?

खऱ्या हार्डवेअरवर चालणारा हायपरव्हायझर म्हणजे एल०. त्याच्या आतलं व्हीएम, जे स्वतःही हायपरव्हायझर आहे, ते एल१. एल१ने सुरू केलेलं व्हीएम ते एल२. प्रोसेसरला तीन थर समजत नाहीत. त्याच्या लेखी एक हायपरव्हायझर आणि एक गेस्ट (त्याच्या आत चालणारं व्हीएम), एवढंच. त्यामुळे एल२ला प्रत्यक्षात एल०च चालवतो आणि ते आपण चालवतोय असं एल१ला भासवतो.

डिस्क किंवा नेटवर्कच्या बाबतीत हे भासवणं मंदावलं तर काम मंदावतं. टायमरच्या बाबतीत उशीर हीच चूक ठरते. शिवाय इथे प्रत्येक आकडा कुठल्या तरी थराच्या घड्याळातला असतो: डेडलाइन (टायमर वाजायची वेळ) एल२च्या घड्याळातली, ऑफसेट (घड्याळात मिळवायचा फरक) एल१ने लिहिलेला, मोजणी हार्डवेअरच्या टीएससीवर (प्रोसेसरमधला सतत वाढणारा काउंटर). एका थराचा आकडा दुसऱ्या थराच्या घड्याळात वाचला गेला की टायमर चुकला. म्हणून आकडा दिसला की तो कोणत्या थराचा हे आधी ठरवा. पुढची बरीचशी उत्तरं याच मुद्द्यावर येऊन थांबतात.

२. माझ्या एल२मध्ये "वेळ चुकतेय" असं दिसतंय. नक्की काय चुकतंय हे कसं ओळखू?

दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची गल्लत केली तर दिवस वाया जातो. पहिला, वेळ चुकीची वाचली जाते: घड्याळ पुढे-मागे जातं, दोन सीपीयूंवर वेगळं दिसतं किंवा हळूहळू सरकतं. दुसरा, वेळ बरोबर वाचली जाते, पण टायमरचा इंटरप्ट उशिरा येतो, दोनदा येतो किंवा येतच नाही.

साधी चाचणी अशी. एल२मध्ये १० सेकंदांची झोप घ्या. झोपेआधी आणि झोपेनंतर एल२चं मोनोटॉनिक घड्याळ वाचा, आणि त्याच दोन क्षणी एल०वरची वेळही नोंदवा. एल२ म्हणतो १० सेकंद, एल० म्हणतो १३, तर वाचन चुकतंय. प्रश्न ४ ते ७ पाहा. दोघंही १३ म्हणत असतील तर घड्याळ ठीक आहे, इंटरप्ट उशिरा आला. प्रश्न ८ ते ११ पाहा. एल२मध्ये एनटीपी किंवा क्रोनी ही वेळ जुळवणारी सेवा चालू असेल तर चाचणीपुरती बंद करा, नाहीतर ती दुरुस्ती करून मूळ लक्षण झाकून टाकते.

३. तपासाची सुरुवात कुठून करावी?

आधी तेच काम एल१मध्ये थेट चालवून बघा. तिथेही टायमर चुकत असेल तर प्रश्न नेस्टिंगचा नाहीच, आणि साध्या व्हीएमचा बग शोधणं कितीतरी सोपं असतं.

मग तिन्ही थरांवर क्लॉकसोर्स (कर्नल ज्यावरून वेळ वाचतो ते घड्याळ) नोंदवा: सिसएफएसमधल्या (कर्नलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) 'क्लॉकसोर्स०' डिरेक्टरीत 'करंट_क्लॉकसोर्स' आणि 'अव्हेलेबल_क्लॉकसोर्स' या फाइली असतात. एल०वर टीएससी नसेल, एचपीईटी किंवा एसीपीआय पीएम टायमर (प्रोसेसरबाहेरची, वाचायला मंद घड्याळं) असेल, तर वर चढण्यात अर्थ नाही. आधी ते दुरुस्त करा.

त्यानंतर एल०च्या डीबगएफएसमधल्या केव्हीएम डिरेक्टरीत त्या व्हीएमच्या प्रत्येक व्हीसीपीयूखाली (आभासी सीपीयू) 'टीएससी-ऑफसेट' आणि हार्डवेअरला जमत असेल तर 'टीएससी-स्केलिंग-रेशो' या फाइली मिळतात. इथे एक खाच आहे. या फाइली त्या क्षणी लागू असलेला आकडा दाखवतात. व्हीसीपीयू तेव्हा एल२ चालवत असेल तर तुम्हाला एल१चा ऑफसेट न मिळता दोन्ही थरांचा एकत्रित ऑफसेट मिळतो. एल१चा आकडा हवा असेल तर एल२ थांबवून मगच वाचा.

४. एल२चा टीएससी नक्की कसा ठरतो?

हार्डवेअरचा टीएससी गुणिले गुणक, अधिक ऑफसेट. गुणक फिक्स्ड-पॉइंट असतो. इंटेलवर त्याचे ४८ बिट अपूर्णांकाचे. एल०ने एल१ला एक गुणक आणि एक ऑफसेट दिलेला असतो, एल१ने एल२ला दुसरा. हार्डवेअरमध्ये मात्र एकाच जोडीला जागा आहे, म्हणून एल०ने त्या दोन जोड्यांची एक करून द्यायची असते:

एकत्रित गुणक = एल१चा गुणक × एल२चा गुणक
एकत्रित ऑफसेट = (एल१चा ऑफसेट × एल२चा गुणक) + एल२चा ऑफसेट

सोपे आकडे घेऊन बघा. हार्डवेअर ३.२ गिगाहर्ट्झ, एल१ २.४, एल२ १.८. म्हणजे दोन्ही गुणक ०.७५. हार्डवेअरचा टीएससी १६०००, एल१चा ऑफसेट -४०००, एल२चा -१०००. एल१ला दिसतं १२००० - ४००० = ८०००. एल२ला दिसायला हवं ६००० - १००० = ५०००. एकत्रित गुणक ०.५६२५, एकत्रित ऑफसेट -३००० - १००० = -४०००; ९००० - ४००० = ५०००. जुळलं.

आता नेहमीची चूक: दोन ऑफसेट नुसते बेरजेला घेतले तर -५००० येतात आणि एल२ला ४००० दिसतं. स्केलिंग नसताना, म्हणजे गुणक १ असताना, ही चूक दिसतच नाही. त्यामुळे ती चाचण्यांमधून सुटते आणि वेगळ्या वेगाच्या होस्टवर गेल्यावर वर येते.

स्वतःचा हायपरव्हायझर लिहिणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. ६४ बिटांचा आकडा गुणताना मधला निकाल १२८ बिटांत ठेवला आहे का? आणि ऑफसेट ऋण असतो हे लक्षात घेऊन गुणाकार साइन्ड केला आहे का? अनसाइन्ड केला तर निकाल पूर्ण कचरा येतो, थोडासा चुकलेला नाही.

५. होस्ट रीबूट केल्यावर एल२ नीट चालतो, पण होस्ट बराच वेळ चालू राहिला की नवीन एल२चं घड्याळ भलतंच दाखवतं. असं का?

प्रश्न ४मधल्या चुकीची ही सगळ्यात ओळखीची खूण आहे. एल१चा टीएससी शून्यापासून सुरू व्हावा म्हणून त्याचा ऑफसेट साधारण होस्टच्या तोवरच्या टीएससीइतका ऋण असतो. तो गुणकाने गुणायचा राहिला तर चूक = एल१चा ऑफसेट × (१ - एल२चा गुणक). वरच्याच वेगांनी हिशेब केला तर होस्ट सुरू होऊन ३ तासांनी एल१ चालू केल्यास एल२ बरोबर १ तास मागे पडतो. एल२चा टीएससी शून्याजवळ असेल तर तो ऋणात जाऊन प्रचंड मोठा धन आकडा म्हणून वाचला जातो.

लक्षात घ्या, ही चूक स्थिर आहे. एकदा एल२ सुरू झाला की ती वाढत नाही. दर मिनिटाला वाढणारी चूक असेल तर ऑफसेट सोडा, गुणकाकडे बघा.

लिनक्सच्या केव्हीएममध्ये एल१ला टीएससी स्केलिंग देण्याची सोय इंटेलसाठी २०२१च्या ५.१४ आवृत्तीपासून आहे. त्याआधीच्या एल०वर एल१ला स्केलिंग मिळत नाही. अशा एल१मध्ये एल२साठी कमी वेग मागितला तर 'मागितलेला टीएससी वेग हार्डवेअरपेक्षा कमी' अशा अर्थाचा इशारा येतो आणि मागणी फेटाळली जाते. जास्त वेग मागितला तर सॉफ्टवेअरने गाठत राहण्याचा मार्ग घेतला जातो, जो अचूक नाही. २५० पीपीएमपर्यंतचा (दशलक्षात २५०) फरक मूळ सेटिंगनुसार चालवून घेतला जातो.

६. एल२च्या लॉगमध्ये टीएससी 'अनस्टेबल' ठरवल्याचा संदेश येतो. टीएससी खरंच बिघडलाय का?

बहुतेक वेळा नाही. कर्नलचा क्लॉकसोर्स वॉचडॉग दर अर्ध्या सेकंदाला टीएससीची तुलना दुसऱ्या घड्याळाशी करतो, साधारणपणे एचपीईटी किंवा एसीपीआय पीएम टायमरशी. एल२मध्ये ते दुसरं घड्याळ एल१मधला क्यूईएमयू एम्युलेट करतो. म्हणजे एक वाचन एल२मधून एल०कडे, तिथून एल१च्या कर्नलकडे, तिथून क्यूईएमयूकडे आणि तसंच परत. या वाटेत एल१चा व्हीसीपीयू एल०ने बाजूला ठेवला तर दोन वाचनांमध्ये मोठं अंतर पडतं आणि दोष टीएससीच्या माथी येतो. नवी कर्नल दुसरं घड्याळ दोनदा वाचून असा उशीर ओळखतात आणि पुन्हा प्रयत्न करतात, तरी गर्दीच्या होस्टवर तेही पुरत नाही.

पीएम टायमरची वेगळी अडचण आहे: तो २४ बिटांचा, ३.५७९५४५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सुमारे ४.६९ सेकंदांत पुन्हा शून्यावर येतो. एल२ त्याहून जास्त वेळ थिजला तर फेरा चुकतो आणि हिशेब कायमचा बिघडतो.

उपाय म्हणून 'टीएससी=रिलायबल' हा कर्नल पॅरामीटर देता येतो, पण आधी एल०वर टीएससी स्थिर, न थांबणारा आणि सगळ्या कोअरवर जुळलेला असल्याची खात्री करा. खरोखर बिघडलेल्या टीएससीवर हा पॅरामीटर दिला तर एकमेव इशारा बंद होतो.

७. एल२मध्ये केव्हीएम-क्लॉक (केव्हीएमने गेस्टला दिलेलं घड्याळ) आहे, वेळ बरोबर आहे, पण वेळ वाचणंच फार महाग पडतं. का?

एल१चा क्लॉकसोर्स बघा. तोही केव्हीएम-क्लॉक असेल तर कारण सापडलं. एल१मधलं केव्हीएम आपल्या गेस्टला 'हे घड्याळ सगळ्या सीपीयूंवर स्थिर आहे' असा शिक्का तेव्हाच देतं, जेव्हा त्याचं स्वतःचं घड्याळ थेट टीएससीवर, किंवा हायपर-व्हीच्या (मायक्रोसॉफ्टचा हायपरव्हायझर) टीएससी पेजवर, चालतं. केव्हीएम-क्लॉक त्यात बसत नाही. शिक्का नसला की एल२मधलं व्हीडीएसओ (कर्नलमध्ये न शिरता वेळ वाचू देणारा कोड) वापरकर्त्याच्या पातळीवर वेळ वाचू शकत नाही आणि प्रत्येक वाचन सिस्टम कॉल होतं.

उपाय एल०वर आहे: एल१ला इनव्हेरियंट (वेग न बदलणारा) टीएससी द्या, म्हणजे क्यूईएमयूच्या सीपीयू पर्यायात 'इनव्हीटीएससी' चालू करा. मग एल१चं लिनक्स स्वतःहून टीएससी निवडतं, कारण त्या स्थितीत केव्हीएम-क्लॉकचं मानांकन टीएससीच्या ३००पेक्षा एकाने खाली, २९९वर, ठेवलं जातं. याचा मायग्रेशनवर (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवण्यावर) परिणाम होतो. प्रश्न १३ पाहा.

८. एल२ बूट होतानाच अडकतो किंवा आयओ-एपिकचा (उपकरणांचे इंटरप्ट सीपीयूकडे पोचवणारा भाग) टायमर चालत नाही म्हणून पॅनिक होतो. काय करू?

एल२पासून केव्हीएमची ओळख लपवली आहे का ते आधी बघा. केव्हीएम ओळखणारं लिनक्स बूटच्या वेळी टायमर-इंटरप्टची तपासणी आपोआप वगळतं आणि टीएससीचा वेगही केव्हीएमकडूनच घेतं. ओळख लपवली की ते १.१९३१८२ मेगाहर्ट्झच्या जुन्या पीआयटी टायमरवर टिक मोजायला लागतं. नेस्टेडमध्ये ते टिक वेळेवर पोचत नाहीत. मग तपासणी नापास होते, किंवा पास होते पण टीएससीचा वेग चुकीचा मोजला जातो आणि एल२ आयुष्यभर चुकीच्या वेगाने चालतो.

ओळख उघडी ठेवणं हा सरळ उपाय. ते शक्य नसेल तर एल२च्या कर्नलला 'नो_टायमर_चेक' द्या आणि 'टीएससी_अर्ली_केएचझेड'मध्ये वेग किलोहर्ट्झमध्ये सांगा. एल२च्या लॉगमधल्या 'रिफाइन्ड टीएससी कॅलिब्रेशन'च्या ओळीतला आकडा एल१ने ठरवलेल्या वेगाशी ताडून पाहिला की चूक लगेच दिसते.

९. एल२मधला एक साधा टायमर वाजायला इतका उशीर का लागतो?

एल२ टीएससी-डेडलाइन एमएसआरमध्ये (प्रोसेसरचं खास रजिस्टर) आकडा लिहितो. तो एमएसआर-लेखनाचा एक्झिट (गेस्ट थांबून ताबा हायपरव्हायझरकडे जाणं), क्रमांक ३२, एल०कडे येतो. एल० तो एल१कडे परतवतो. एल१चं केव्हीएम आपला टायमर लावतं, त्यासाठी स्वतःचा डेडलाइन एमएसआर लिहितं किंवा प्रीएम्प्शन टायमर (ठरलेल्या वेळी गेस्टमधून बाहेर काढणारा; प्रश्न १०) भरतं, आणि व्हीएमरिझ्यूम (गेस्ट पुन्हा सुरू करणारी सूचना) करतं, म्हणजे पुन्हा एल०. हे झालं नुसतं लावणं. वाजताना एल०ला इंटरप्ट येतो, एल० एल२मधून बाहेर पडून एल१ला बाह्य-इंटरप्टचा एक्झिट, क्रमांक १, दाखवतो, एल१ तो हाताळून एल२मध्ये इंटरप्ट घालतो आणि परत व्हीएमरिझ्यूम. व्हीएमसीएस शॅडोइंग (गेस्टची स्थिती ठेवणारी व्हीएमसीएस ही नोंद एल१ला एल०कडे न जाता वाचू-लिहू देणारी सोय) नसेल तर मधलं प्रत्येक व्हीएमरीड आणि व्हीएमराइट हाही एल०कडे जाणारा वेगळा एक्झिट, क्रमांक २३ आणि २५.

त्यामुळे पहिला उपाय टायमरला हात न लावता एक्झिट कमी करणं हा आहे. एल०वर २३ आणि २५ मोठ्या संख्येने दिसत असतील तर शॅडोइंग बंद आहे.

डेडलाइन टायमर थोडा आधी वाजवून उरलेला वेळ लूपमध्ये फिरत वाट पाहण्याची केव्हीएमची युक्तीही इथे कमी पडते. तिचा आगाऊ वेळ १००० नॅनोसेकंदांपासून सुरू होऊन आपोआप जुळवला जातो, पण ५०००च्या वर गेला की पुन्हा १०००वर येतो. नेस्टेडमध्ये एल१ला त्याहून जास्त लागला तर जुळणी कधी स्थिरावतच नाही.

१०. प्रीएम्प्शन टायमर हमखास कुठे चुकतो?

हा टायमर टीएससीच्या वेगाला २च्या घातांकाने भागून उलटा मोजतो. घातांक व्हीएमएक्स-मिसलेनियस एमएसआरच्या खालच्या ५ बिटांत असतो. केव्हीएम एल१ला ५ दाखवतं, म्हणजे ३२ने भाग. २.४ गिगाहर्ट्झवर एक पाऊल १३.३ नॅनोसेकंदांचं, आणि ३२ बिटांत जास्तीत जास्त ५७ सेकंद मावतात. त्याहून लांबची डेडलाइन असेल तर एल१चं केव्हीएम साध्या एचआर-टायमरकडे (लिनक्स कर्नलचा स्वतःचा टायमर) वळतं. ५७ सेकंदांच्या आसपासच वागणं बदलत असेल तर हेच.

चुकांचे तीन प्रकार पुन्हा पुन्हा भेटतात. एक, हायपरव्हायझर घातांक न वाचता ५ गृहीत धरतो. दोन, मोजणी एल१च्या वेगाने करायची असताना हार्डवेअरच्या वेगाने होते. स्केलिंग चालू असतानाच दिसतं. तीन, सगळ्यात फसवा: एल१ने 'एक्झिटच्या वेळी उरलेला आकडा जपून ठेव' असं सांगितलेलं असतं, पण एल० तो जपत नाही. मग प्रत्येक एंट्रीला मोजणी पूर्ण आकड्यापासून सुरू होते. एल२ शांत असताना टायमर वेळेवर वाजतो आणि भार आला, एक्झिट वाढले, की तो वाजतच नाही. भार वाढल्यावर टायमर नाहीसा होणं ही या बगची पक्की खूण.

संशय असेल तर एल१मधल्या केव्हीएम_इंटेल मॉड्यूलचा 'प्रीएम्प्शन_टायमर' पॅरामीटर बंद करून तुलना करा. लक्षण गेलं तर जागा सापडली; उपाय म्हणून तसंच ठेवू नका, कारण एचआर-टायमरची वाट लांबची आहे.

११. ट्रेस कसा घ्यावा? तीन थरांचे ट्रेस जुळतच नाहीत.

ट्रेस-सीएमडी या लिनक्सच्या ट्रेस साधनाला घड्याळ म्हणून 'एक्स८६-टीएससी' द्या, एल०वरही आणि एल१वरही. मग एल१चा आकडा एल०च्या आकड्यात आणायला प्रश्न ३मधला ऑफसेट पुरतो. स्केलिंग असेल तर गुणकही घ्या. भिंतीवरच्या वेळेने जुळवायला जाऊ नका, कारण तीच संशयित आहे.

एल०वर केव्हीएम_एक्झिट, केव्हीएम_नेस्टेड_व्हीएमएक्झिट, केव्हीएम_नेस्टेड_व्हीएमएक्झिट_इंजेक्ट, केव्हीएम_राइट_टीएससी_ऑफसेट आणि केव्हीएम_एचव्ही_टायमर_स्टेट हे ट्रेसपॉइंट पुरेसे आहेत. प्रीएम्प्शन टायमर संपल्याचा एक्झिट म्हणजे क्रमांक ५२. एल०च्या केव्हीएम_एक्झिटमध्ये दिसणारा ५२ हा एल०च्या स्वतःच्या टायमरचा. इंजेक्टमध्ये दिसणारा ५२ हा एल१ला दिलेला. दोन्ही एकच समजून मोजले तर 'टायमर दोनदा वाजतोय' असा खोटा निष्कर्ष निघतो.

ट्रेसमध्ये एकच एल२-डेडलाइन धरून तिच्यामागे शेवटपर्यंत जा: लिहिली कधी, एल१ने काय लावलं, एल०ने काय लावलं, वाजलं कधी, एल२ला मिळालं कधी. एल१ची डेडलाइन एल२च्या टीएससीशी ताडली जात असेल, आणि ही चूक नवख्या हायपरव्हायझरमध्ये वारंवार होते, तर ती इथे उघडी पडते: एल२ चालू असताना एल१चे टायमर चुकतात, एल२ बंद असताना चुकत नाहीत.

१२. एल०च्या लॉगमध्ये 'लॅपिक टायमर पीरियड लिमिटेड टू २००००० एनएस' असं येतं. दुर्लक्ष करू का?

नको. एल१ने लॅपिककडे (प्रत्येक सीपीयूचा इंटरप्ट नियंत्रक) २०० मायक्रोसेकंदांपेक्षा लहान आवर्ती टायमर मागितला आणि केव्हीएमने तो २००वर अडवला, असा त्याचा अर्थ. एल१ टिक मोजून वेळ ठरवणारा असेल तर त्याची वेळ त्या प्रमाणात मंदावते आणि एल२ला तीच वारशाने मिळते. एल१ला टीएससी-डेडलाइन मोड वापरायला लावणं हा खरा उपाय. केव्हीएमचा 'मिन_टायमर_पीरियड_यूएस' पॅरामीटर कमी करता येतो, पण मग एखादा गेस्ट होस्टला इंटरप्टने बुडवू शकतो.

१३. मायग्रेशननंतर एल२चे टायमर चुकतात. आणि इनव्हेरियंट टीएससी दिला की मायग्रेशनच नाकारलं जातं.

दुसऱ्याचं उत्तर सोपं: क्यूईएमयूला 'टीएससी-फ्रिक्वेन्सी' स्पष्ट द्या, मग अडवणूक जाते. पलीकडचा होस्ट त्याच वेगाचा किंवा स्केलिंग जमणारा हवा.

पहिल्यासाठी, एल२ चालू असताना मायग्रेट करायचं तर एल०च्या केव्हीएमने नेस्टेड स्थिती जपायला हवी, आणि तिच्यात प्रीएम्प्शन टायमरची डेडलाइनही हवी. ती लिनक्स ५.८पासून आहे. त्याआधीच्या कर्नलवर पलीकडे गेल्यावर टायमर नव्याने मोजू लागतो.

एल१मध्ये हायपर-व्ही असेल, आणि विंडोजमध्ये व्हीबीएस (व्हर्च्युअलायझेशनवर आधारित सुरक्षा) चालू केलं तरी हायपर-व्हीच एल१ होऊन मूळ विंडोज एल२ होतं, तर 'एचव्ही-टाइम', 'एचव्ही-फ्रिक्वेन्सीज' आणि 'एचव्ही-रीएनलायटनमेंट' तिन्ही द्या. शेवटचे दोन नसले तर हायपर-व्ही आपल्या गेस्टना टीएससी पेजचं स्थिर घड्याळ देत नाही. मायग्रेशनसाठी इथेही 'टीएससी-फ्रिक्वेन्सी' लागतेच.

१४. एएमडी आणि आर्मवर हेच सगळं लागू होतं का?

एएमडीवर प्रीएम्प्शन टायमर नाही, त्यामुळे प्रश्न १० तिथे लागू नाही. ऑफसेट व्हीएमसीबीमध्ये (एएमडीवरची व्हीएमसीएससारखी नोंद) असतो, पण गुणक वेगळ्या एमएसआरमध्ये, ८ पूर्णांक आणि ३२ अपूर्णांक बिटांचा. म्हणून एल२मध्ये शिरताना आणि बाहेर पडताना तो एमएसआर बदलणं एल०च्या हातात असतं. बाहेर पडताना तो परत फिरवायचा राहिला की एल१चं घड्याळ एल२च्या वेगाने पळतं. प्रश्न ४चं सूत्र मात्र तेच.

आर्मवर स्केलिंग नाही. आभासी काउंटर म्हणजे भौतिक काउंटर वजा ऑफसेट, त्यामुळे दोन थरांचे ऑफसेट सरळ बेरजेला घ्यायचे. तिथली खरी अडचण वेगळी आहे: टायमरचे इंटरप्ट लेव्हल-ट्रिगर्ड (सिग्नल टिकून असेपर्यंत लागू राहणारे) असतात, आभासी टायमरचा क्रमांक २७ आणि ईएल१च्या (आर्मची कर्नल पातळी) भौतिक टायमरचा ३०. गेस्टने टायमर शांत केल्यावर एल०ने ती लेव्हल पुन्हा तपासली नाही तर तोच इंटरप्ट अखंड येत राहतो, आणि थर बदलताना तपासली नाही तर तो एल२चा असूनही एल१च्या पदरात पडतो.

१५. बग कळवताना काय काय जोडावं?

तिन्ही थरांच्या कर्नल आवृत्त्या, तिन्ही क्लॉकसोर्स, प्रोसेसरचं मॉडेल, एल० आणि एल१वरच्या पूर्ण क्यूईएमयू कमांड-ओळी, केव्हीएम मॉड्यूलचे सगळे पॅरामीटर, आणि प्रश्न ११प्रमाणे घेतलेल्या एका चुकलेल्या डेडलाइनचा ट्रेस. एल१ बूट झाला तेव्हा होस्ट किती वेळ चालू होता हेही लिहा. प्रश्न ५मुळे तो आकडा महत्त्वाचा आहे. केव्हीएम-युनिट-टेस्ट्समधल्या व्हीएमएक्स चाचण्या एल१ची भूमिका स्वतःच करतात, म्हणून त्या एल०वर चालवा आणि प्रीएम्प्शन टायमरच्या चाचण्यांचा निकाल जोडा. त्यातच बग दिसला तर तुमचा एल१ आणि एल२ दोन्ही बाजूला ठेवून तेवढीच चाचणी पाठवा.